बोलावलं की येणारे सल्लागार: नगरपरिषदेतल्या एका अभियंत्याच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

पुणे जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या बांधकाम विभागातल्या तरुण अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आमच्याकडे वर्षभरात रस्ते, शाळाखोल्या, जलवाहिन्या, ओढ्यावरच्या मोऱ्या, जुन्या इमारतींची दुरुस्ती अशी बरीच लहान-मध्यम कामं असतात. प्रत्येक कामाला सल्लागार नेमायला वेगळी निविदा काढायची म्हटलं, तर कामापेक्षा निविदेलाच जास्त वेळ जातो. गरज पडली की बोलावता येतील असे सल्लागार तीन वर्षांसाठी नेमून ठेवता येतील का? आणि फी किती टक्के ठेवावी?’

नेमता येतात, आणि तुमच्यासारख्या नगरपरिषदेने नेमावेत असं मला मनापासून वाटतं. फीबद्दल मात्र माझं उत्तर वेगळं आहे: अशा नेमणुकीत टक्केवारी ठेवूच नका. असं का, ते सांगायला थोडी जागा लागेल. मी नोकरीची बरीच वर्षं महापालिकेच्या बांधकाम विभागात होते आणि त्यानंतर सल्लागार म्हणून काम करते आहे. फाइल दोन्ही बाजूंनी पाहिली आहे, म्हणून हे लिहिते.

आधी तुमची खरी अडचण काय आहे ते पाहू. तुमच्याकडे कनिष्ठ अभियंते आहेत, साइटवर कुणी तरी रोज जातं, मोजमाप पुस्तिका लिहिली जाते. कमी पडतं ते विशिष्ट कौशल्य. स्ट्रक्चरल अभियंता, मातीचा आणि पायाचा जाणकार, पाणीपुरवठ्याच्या हायड्रॉलिक्सचा जाणकार, ठेकेदाराने जादा रकमेचा दावा केला तर कराराची कलमं वाचून उत्तर लिहू शकेल असा माणूस. ही माणसं तुम्हाला रोज नको आहेत. वर्षातले काही दिवस हवी आहेत, पण ते दिवस कोणते हे आज कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी वर्षभर हजर राहणारा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमला, तर पैसे हजेरीचे जातात आणि कौशल्य ऐनवेळी मिळत नाही. म्हणून नामिका, म्हणजे आधीच निवडून ठेवलेल्या सल्लागारांची यादी, तयार करण्याच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते: बोलावणार कोण, कशासाठी, किती दिवसांत उत्तर हवं, आणि उत्तर आल्यावर निर्णय कुणी घ्यायचा. नामिका कुणीही बनवतो. प्रत्येक बोलावणं नीट लिहिणं हे कष्टाचं काम आहे, आणि योजना टिकते की कोसळते ते त्यावर ठरतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करते. पैसा कुठून येतो यावर नियम बदलतात. केंद्राच्या योजनेतला निधी असेल तर योजनेच्या मार्गदर्शक सूचना पाहाव्या लागतात. केंद्राचे सामान्य वित्तीय नियम २०१७ आणि सल्लागार सेवांच्या खरेदीसाठी अर्थ मंत्रालयाने काढलेली नियमपुस्तिका तुम्हाला थेट लागू नसली, तरी मसुदा बांधायला त्या उत्तम आधार आहेत. गरजेप्रमाणे सेवा मागवण्याचा, आधी परिमाण न ठरलेला करार हा प्रकार त्या नियमपुस्तिकेत स्वतंत्रपणे दिलेला आहे, म्हणजे ही कल्पना कुणी मनाने काढलेली नाही. स्वनिधीतून खर्च करणार असाल तर सभेचा ठराव, मुख्याधिकाऱ्यांच्या आर्थिक अधिकारांची मर्यादा आणि पुढच्या वर्षांचं दायित्व घेण्याची मान्यता हे तीन मुद्दे तुमच्या लेखापालांबरोबर बसून आधी मिटवा. निविदा निघाल्यावर त्यांना फाइल दाखवली, की तेच मुद्दे आक्षेप म्हणून परत येतात.

आता टक्केवारी. समजा २ कोटींचं रस्त्याचं काम आहे आणि सल्लागाराची फी दीड टक्का. म्हणजे ३ लाख. काम दहा महिने चाललं तर महिन्याला ३० हजार. यातून साइटवरच्या डिप्लोमा अभियंत्याचा पगार, त्याचं पेट्रोल, वरिष्ठांच्या भेटी, कार्यालयाचा खर्च आणि नफा काढायचा आहे. हिशेब बसत नाही, म्हणून वरिष्ठ येतच नाही आणि साइटवर नुकता पास झालेला मुलगा दिसतो. दुसरं टोक पाहा. १२ लाखांची जुन्या मोरीची दुरुस्ती. दीड टक्क्याने फी होते १८ हजार. प्रत्यक्षात त्या रस्त्यापेक्षा या मोरीला अनुभवी स्ट्रक्चरल अभियंत्याची गरज कितीतरी जास्त आहे. कामाची किंमत आणि लागणारं कौशल्य यांचं प्रमाण जुळत नाही, हे टक्केवारीचं मूळ दुखणं. शिवाय काटकसरीचं डिझाइन केलं तर सल्लागाराचीच फी कमी होते. अर्थ मंत्रालयाच्या नियमपुस्तिकेतही टक्केवारीच्या कराराला याच कारणाने उत्तेजन दिलेलं नाही. अमेरिकेत केंद्र सरकारच्या निधीतून होणाऱ्या महामार्गाच्या कामांत सल्लागाराला बांधकाम खर्चाच्या टक्क्यांवर पैसे द्यायला नियमानेच मनाई आहे. तिथे १९७२ च्या ब्रूक्स कायद्यापासून अभियंते आणि वास्तुविशारद आधी योग्यतेवर निवडले जातात, दराची बोलणी त्यानंतर होतात. मागणीनुसार कामाचे करार मुदतवाढीसह जास्तीत जास्त पाच वर्षं चालतात. आपली चौकट वेगळी आहे, पण हा विचार इथेही घेता येतो.

एकच मोठं, व्याप्ती पक्की असलेलं काम पूर्ण देखरेखीसाठी द्यायचं असेल तर टक्केवारी चालू शकते. तीसुद्धा मंजूर अंदाजपत्रकाच्या रकमेवर गोठवून. काम वाढलं म्हणून फी आपोआप वाढता कामा नये.

बोलावणं कसं असतं ते एका उदाहरणाने सांगते, कारण आपल्या भागात ते वारंवार घडतं. पुणे जिल्हा दख्खनच्या लाव्हाच्या थरांवर बसलेला आहे. खाली काळा पाषाण, वर मुरूम, सखल भागात काळी माती, दोन लाव्हा थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. शाळाखोल्यांच्या पायाची खोदाई सुरू होते. एका कोपऱ्यात चार फुटांवर कठीण मुरूम लागतो, दुसऱ्या कोपऱ्यात सात फूट गेलं तरी काळीच माती. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. अर्धा पाया मुरमावर आणि अर्धा तिच्यावर ठेवला, तर इमारत असमान खचते आणि पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांतच भिंतींना तिरप्या भेगा जातात. पर्याय असतात. पाया कठीण थरापर्यंत खाली नेणं, काळी माती काढून तिथे दगड-काँक्रीटचा भराव करणं, किंवा थर फारच खोल असेल तर खाली फुगीर केलेले पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब) घेणं, ज्यांच्यासाठी आयएस २९११ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पद्धत दिलेली आहे. कोणता पर्याय घ्यायचा हे खड्ड्यात उतरून, माती हातात घेऊन, गरज पडली तर आणखी दोन चाचणी-खड्डे घेऊन ठरवायचं असतं. ठेकेदाराची माणसं बसून आहेत, खड्डा उघडा आहे आणि आभाळ भरून येतंय. इथे उत्तर दोन दिवसांत हवं. निविदा काढून हे काम होत नाही. फोनवर ‘थोडं अजून खोदा’ म्हणूनही होत नाही.

दुसरा प्रकार जुन्या पुलांचा. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. अशा घटनेनंतर वरून पत्र येतं: हद्दीतल्या सगळ्या पुलांचा अहवाल आठ दिवसांत द्या. त्या आठ दिवसांत सल्लागार शोधायला निघालात, तर हातात नुसते फोटो चिकटवलेला अहवाल पडतो. आधीपासून नेमलेला स्ट्रक्चरल अभियंता असेल तर तो पहिल्या फेरीत डोळ्यांनी पाहून पुलांची वर्गवारी करतो. कुठे वाहतूक लगेच थांबवायची, कुठे काँक्रीट न फोडता होणारी रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी घ्यायची, कुठे काँक्रीटचे कोअर (भोक पाडून काढलेले नमुने) काढायचे, कुठे पुढच्या पावसाळ्यापर्यंत लक्ष ठेवणं पुरे आहे. हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचण्यांच्या पद्धती आयएस ५१६ च्या पाचव्या भागात आहेत, कोअरची चौथ्या भागात. पण कुठे चाचणी करायची आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे माणसाच्या अनुभवावर ठरतं. तुम्ही पैसे त्या अनुभवाचे देत असता.

म्हणून दर माणसाच्या दिवसावर ठरवा. ज्येष्ठ स्ट्रक्चरल अभियंता, भू-तंत्रज्ञ (मातीचा आणि पायाचा जाणकार), कनिष्ठ डिझाइन अभियंता, सर्वेक्षक, ड्राफ्ट्समन असे पाच-सहा प्रकार पुरतात. दरात प्रवासाचं काय धरलं आहे ते स्पष्ट लिहा. पुण्याहून जुन्नर किंवा इंदापूरला यायचं तर जाण्यायेण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो, आणि ते लिहिलं नसेल तर पहिल्याच बिलावर वाद होतो. चाचण्यांचे दर वेगळे घ्या: बोअरचा दर मीटरमागे, कोअरचा नगामागे.

हे दर निविदेत कसे मागवायचे? प्रत्येक प्रकारासाठी वेगळा दर मोकळा सोडला तर चतुर निविदाकार ज्येष्ठ तज्ज्ञाचा दिवस नाममात्र लावतो आणि कनिष्ठाचा बाजारभावापेक्षा खूप जास्त. बेरजेत तो सगळ्यात खाली येतो, आणि नंतर तुम्हाला फक्त कनिष्ठ भेटतो. माझा आग्रह असा की दर तुम्हीच ठरवून छापा आणि निविदाकाराकडून एकच आकडा मागा: या दरपत्रकापेक्षा इतके टक्के जास्त किंवा कमी. आपल्याकडच्या अभियंत्यांना ही पद्धत बी-१ निविदेमुळे तोंडपाठ आहे, कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दर ठरवण्यासाठी शेजारच्या नगरपरिषदांचे जुने कार्यादेश मागवा, दोन-तीन कार्यालयांकडून अंदाजपत्रकीय दर घ्या, आणि पगाराकडून हिशेब करून पाहा. अभियंत्याच्या दिवसाच्या पगारात भविष्य निर्वाह निधी, रजा, कार्यालय, संगणक-सॉफ्टवेअर, विमा आणि नफा धरला तर दर पगाराच्या दुपटीच्या थोडा पुढे जातो असा माझा अनुभव आहे. तुमचा छापलेला दर याच्या बराच खाली असेल तर चांगली माणसं निविदाच भरणार नाहीत.

निवड गुणवत्ता आणि किंमत दोन्ही धरून करा. केंद्राच्या नियमांत गुणवत्ता आणि किंमत यांची ७०:३०, ६०:४० अशी विभागणी चालते, तांत्रिक गुणांना ८० टक्क्यांहून जास्त वजन देता येत नाही. तुमच्या कामाला ७०:३० योग्य वाटतं. पण तांत्रिक गुण कशाला देता हे त्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे. मोठ्या शहराच्या निविदेतून वार्षिक उलाढालीची अट उचलून चिकटवू नका. पुण्यात दोन-तीन अभियंत्यांची अशी कितीतरी कार्यालयं आहेत, जी आयुष्यभर फक्त इमारतींचे पाये किंवा फक्त पाण्याच्या टाक्या करत आली आहेत. उलाढालीच्या अटीने तीच बाहेर पडतात आणि सगळं काही करतो म्हणणाऱ्या मोठ्या कंपन्या उरतात, ज्यांच्यासाठी तुमचं काम सगळ्यात लहान आणि म्हणून सगळ्यात शेवटचं असतं. विषयवार वेगळी नामिका करा. सगळ्या विषयांसाठी एकच सल्लागार मागितला की तो बाकीचं काम आतून दुसऱ्याला देतो, आणि अहवालावर सही कुणाची आणि डोकं कुणाचं हे तुम्हाला कळत नाही.

मुलाखतीत सादरीकरण मागण्यापेक्षा एक खरी समस्या द्या. तुमच्याच एखाद्या संपलेल्या कामाचे फोटो, मातीचा अहवाल आणि नकाशा समोर ठेवा, तासभर द्या आणि विचारा: साइटवर गेल्यावर पहिल्यांदा काय पाहाल, कोणती माहिती अपुरी वाटते, उद्या सकाळी ठेकेदाराला काय सांगाल? ज्याला काम येतं तो आधी तुम्हाला चार प्रश्न विचारतो. ही परीक्षा, तिचे गुण आणि गुण कसे दिले जातील हे निविदेतच लिहिलेलं असलं पाहिजे, नाहीतर आक्षेप येईल. उत्तर देणारी व्यक्ती तीच असावी जिचं नाव प्रस्तावात आहे. नंतर माणूस बदलायचा तर तुमची लेखी संमती आणि तेवढ्याच अनुभवाचा बदली माणूस, ही अट ठेवाच.

प्रत्येक विषयाला दोन किंवा तीन नावं पुरतात. त्यांच्यात काम वाटण्याचा नियम आधी ठरवून जाहीर करा. साधा नियम असा: ठरावीक रकमेखालचं बोलावणं पाळीने जाईल. ज्याची पाळी आहे त्याने एका दिवसात होकार दिला नाही तर पुढच्याकडे जाईल, आणि असा नकार नोंदवहीत लिहिला जाईल. त्या रकमेच्या वरचं काम असेल तर नामिकेतल्या सगळ्यांकडून किती दिवस लागतील याचा लेखी अंदाज मागवायचा. पाळी मोडायची तर कारण लिहायचं, उदाहरणार्थ त्या इमारतीचं मूळ डिझाइन त्याच सल्लागाराचं आहे. ही नोंदवही म्हणजे एक साधी वही, पण नगरसेवक किंवा लेखापरीक्षक विचारायला आले की तुमच्या बाजूने तीच बोलते.

लेखापरीक्षकांचा नेहमीचा आक्षेप म्हणजे ‘कामाचे तुकडे पाडले’. लहान लहान बोलावण्यांची फाइल पाहून हा आक्षेप येणारच, म्हणून त्याचं उत्तर सुरुवातीलाच बांधून ठेवा. संपूर्ण मुदतीची कमाल रक्कम आधी सक्षम प्राधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्या. प्रत्येक बोलावणं त्या रकमेतून वजा होतं असं दाखवणारा तक्ता फाइलला पहिल्या पानापासून असू द्या. एका बोलावण्याची कमाल मर्यादाही ठरवा. ती ओलांडणारं काम नामिकेतून द्यायचं नाही, त्याला स्वतंत्र निविदा.

पैशाचं शीर्ष, म्हणजे खर्च अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यात टाकायचा, हा नगरपरिषदांत हमखास अडणारा मुद्दा. मंजूर कामासाठीचं बोलावणं असेल तर त्या कामाच्या अंदाजपत्रकातच सल्लागार आणि चाचण्यांची तरतूद हवी, ती अंदाजपत्रक बनवतानाच टाका. पण पुलाची तपासणी किंवा धोकादायक इमारतीची पाहणी अशा वेळी अजून कामच मंजूर नसतं. त्यासाठी अर्थसंकल्पात स्वनिधीचं छोटं स्वतंत्र शीर्ष ठेवा. ते नसलं की नामिका कागदावर राहते आणि पहिल्याच तातडीला ‘पैसे कशातून द्यायचे’ यावर गाडी थांबते.

आता बोलावण्याचा कार्यादेश. एका पानात बसला पाहिजे. प्रश्न काय आहे ते तीन-चार वाक्यांत, जागा आणि सोबत दिलेली कागदपत्रं, कोण येणार, भेट कधीपर्यंत आणि लेखी उत्तर कधीपर्यंत, जास्तीत जास्त किती मनुष्यदिवस, आणि हातात काय पडलं पाहिजे: टिपण, नकाशा, गणित की चाचणी अहवाल. ‘शाळेच्या कामासंदर्भात तांत्रिक सहाय्य करणे’ असं लिहिलेला कार्यादेश मी सल्लागार म्हणून हातात घेतला की मला काहीच कळत नाही. तेच ‘उत्तर-पूर्व कोपऱ्यात दोन मीटरपर्यंत काळी माती लागली आहे, पायाचा पर्याय सुचवून त्याचं रेखाटन आणि परिमाणातला बदल गुरुवारपर्यंत द्यावा, जास्तीत जास्त तीन दिवस’ असं लिहिलं, तर मी साइटवर येतानाच निम्मी तयारी करून येते. दिवसांची मर्यादा लिहिल्यामुळे रोजावर पैसे दिले की काम लांबेल ही तुमची भीतीही जाते.

यावर तुम्ही विचाराल की वर्षभरात किती कामं देऊ याची हमी नसेल तर सल्लागार टिकेल कसा? रास्त शंका आहे. नुसतं थांबून राहण्याचे पैसे द्यायचे म्हटलं तर लेखापरीक्षक विचारतील, काम काय झालं? मला उपयोगी पडलेला मार्ग असा: स्ट्रक्चरल विषयासाठी महिन्यातला एक दिवस पक्का करा. त्या दिवशी सल्लागार नगरपरिषदेत येतो, सुरू असलेल्या दोन-तीन साइट पाहतो, कनिष्ठ अभियंत्यांच्या शंका ऐकतो, आलेले नकाशे चाळतो आणि निघण्याआधी एक पानी नोंद देऊन जातो. त्याला ठरलेल्या दिवसाचे पैसे मिळतात, तुम्हाला त्याची नोंद मिळते. तो तुमचं गाव ओळखायला लागतो: कुठल्या ओढ्याला पूर येतो, कुठल्या ठेकेदाराचं सळई बांधणं कच्चं असतं, जुनी जलवाहिनी कुठून जाते. पुढे तातडीचं बोलावणं आलं की तो शून्यापासून सुरू करत नाही. तुमच्या तरुण अभियंत्यांना त्या एका दिवसात जे शिकायला मिळतं ते प्रशिक्षण वर्गातही सहसा मिळत नाही, आणि माझ्या लेखी या व्यवस्थेतली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे.

तोंडी सल्ल्याबद्दल कडक राहा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचा आणि ‘चालेल’ असं उत्तर घ्यायचं, ही सवय आता सगळीकडे आहे. तातडीत ते ठीक, पण दोन दिवसांत तेच ईमेलवर, कारणासकट, नावासकट आलं पाहिजे. ते आल्याशिवाय त्या भेटीचं बिल पुढे जाणार नाही, असं करारात लिहा. सल्लागाराच्याही ते हिताचं आहे, कारण फोटोत न दिसलेल्या गोष्टीची जबाबदारी नाहीतर त्याच्यावर येते.

जबाबदारी कुणाची हेही स्पष्ट हवं. डिझाइन आणि सल्ला बरोबर असण्याची जबाबदारी सल्लागाराची, त्यासाठी व्यावसायिक दायित्वाचा विमा मागा. रक्कम कामाच्या जोखमीप्रमाणे ठेवा, उगाच मोठी नको. पण मोजमाप तपासणं, बिल मंजूर करणं, ठेकेदाराला सूचना देणं आणि जादा बाब मान्य करणं हे तुमच्याच सहीने झालं पाहिजे. सल्लागाराने ठेकेदाराला परस्पर काही सांगायचं नाही. त्याने तुम्हाला सांगायचं, आणि तुम्ही साइट ऑर्डर बुकात लिहायचं. ज्याने डिझाइन केलं त्याच्याकडूनच त्या डिझाइनची तपासणी करून घेऊ नका. पुलासारख्या कामात ती पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी विद्यापीठासारख्या संस्थेकडे किंवा नामिकेतल्या दुसऱ्या नावाकडे द्या. नामिकेवर असताना तुमच्या हद्दीतल्या ठेकेदाराचं खासगी काम घ्यायचं नाही, घेतलं असेल तर आधी कळवायचं, ही अटही ठेवा.

शेवटचा मोठा विषय बिलांचा. त्यावर मी जरा आग्रहाने बोलते, कारण चांगले सल्लागार नगरपरिषदांकडे फिरकत नाहीत याचं बहुतेक वेळा कारण हेच असतं. सल्लागाराचं बिल ठेकेदाराच्या बिलाला बांधू नका. ठेकेदाराचं काम रखडलं म्हणून पायाचा सल्ला देऊन गेलेल्या माणसाचे पैसे अडवण्यात काही न्याय नाही. यातली बहुतेक छोटी कार्यालयं उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म किंवा लघु उद्योग असतात. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे त्यांचे पैसे करारात काहीही लिहिलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. हे सरकारी खरेदीदारालाही लागू आहे. म्हणून सल्लागाराचं काम तुमच्या हाती आल्याच्या पोचेपासून ३० दिवसांचं लक्ष्य ठेवा आणि त्रुटी असेल तर पहिल्या आठवड्यातच एकदाच सगळ्या लिहून कळवा.

जीएसटीचा मुद्दा निविदेत हमखास घोळ घालतो. राज्यघटनेच्या २४३ डब्ल्यू कलमाखाली नगरपरिषदेकडे सोपवलेल्या कामांशी संबंधित, वस्तूंचा पुरवठा नसलेली शुद्ध सेवा स्थानिक संस्थेला दिली तर ती २०१७ च्या अधिसूचनेनुसार करमुक्त आहे. रस्ते, पूल आणि पाणीपुरवठा हे विषय बाराव्या परिशिष्टात आहेत. पण अर्धे निविदाकार १८ टक्के धरून दर भरतात आणि अर्धे न धरता, मग तुलनाच चुकते. दर जीएसटी वगळून मागवा, लागू असेल तिथे वेगळा दिला जाईल असं लिहा, आणि कुठली सेवा माफीत बसते ते निविदेआधी तुमच्या कर सल्लागाराकडून लेखी घ्या.

मुदतीबद्दल: थेट तीन वर्षं देऊ नका. एक वर्ष, आणि काम समाधानकारक असेल तर एकेक वर्षाच्या दोन मुदतवाढी, त्याच दरपत्रकाने किंवा आधीच लिहिलेल्या दरवाढीने. पहिल्या वर्षी स्ट्रक्चरल आणि भू-तांत्रिक हे दोनच विषय घ्या. त्यातली बोलावणी तुम्हाला लिहिता यायला लागली की पाणीपुरवठा आणि करार-दावे वाढवा. जाहिरात ऑगस्टच्या सुमारास निघेल असं पाहा, म्हणजे दिवाळीनंतर कामं जोरात सुरू होताना नामिका तयार असेल. फेब्रुवारीत सुरुवात केलीत तर मार्चच्या बिलांच्या गर्दीत फाइल दबेल, आणि मेपर्यंत सगळी यंत्रणा पावसाळ्यापूर्वीच्या कामांत आणि पालखी मार्गाच्या रस्त्यांत गुंतलेली असेल. मसुदा तयार झाला की दरपत्रक आणि कार्यादेशाचा नमुना इथे दाखवा, मी दोन्ही ओळीओळीने तपासून देईन.